छोट्या कार्यालयाची इमारत खणांत मोजावी

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या विश्रामबागेतून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा गेल्या काही वर्षांत छोट्या व्यवसायांसाठी ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या अनेकींचे रूप एकच आहे. दर्शनी भाग निळसर काचेचा, मागची भिंत आंधळी आणि गच्चीवर वातानुकूलन यंत्रांची रांग. पुस्तकांची मांडणी, मुखपृष्ठे, मालाच्या वेष्टनांची रचना आणि थोडेफार ॲनिमेशन असे काम करणाऱ्या आमच्या नऊ जणांच्या गटाने अशाच एका भाड्याच्या जागेत कित्येक वर्षे काढली. आता स्वतःची लहानशी इमारत बांधताना जे शिकावे लागले, ते अशाच तयारीत असलेल्या आपल्या वाचकांच्या उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीच्या पत्रापेक्षा लांबले आहे, याची जाणीव आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, छपरावर सौर पट्ट्या बसवल्या म्हणून एखादी इमारत पर्यावरणाला अनुकूल ठरत नाही. आतले काम बदलले, माणसे वाढली किंवा कमी झाली, तरी जिला तोडफोड सोसावी लागत नाही, ती इमारत खरी टिकाऊ. ही कल्पना परदेशातून आणण्याचीही गरज नाही, कारण आपल्याकडे घर खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेच्या मापाने, मोजले जात होते.

आधी जुन्या जागेविषयी. तिची काच पश्चिमेला होती. दुपारी तीननंतर ऊन थेट संगणकांच्या पडद्यांवर येई, म्हणून काचेला आतून जाड पडदे लावलेले, पडद्यांमुळे अंधार झाला म्हणून दिवसा दिवे लावलेले, आणि एवढे करूनही उकाडा जात नाही म्हणून यंत्र १८ अंशांवर. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने तारांकित वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान जानेवारी २०२० पासून २४ अंश ठेवायला लावले आणि एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असे सांगितले. पण भिंतच भट्टीसारखी तापत असेल, तर माणूस रिमोट हातात घेऊन आकडा खालीच आणणार. प्रकाशासाठी काच लावायची आणि मग प्रकाश अडवण्यासाठी पैसे मोजायचे, असा तो उलटा व्यवहार होता.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमचे संगणक आदल्या रात्रीच वरच्या मजल्यावर हलवले होते, त्यामुळे ते वाचले. मात्र पाणी ओसरल्यावर प्लायवूडचे आडोसे फुगून पदर सुटलेल्या पुस्तकासारखे झाले होते, बैठ्या उंचीवरचे सगळे विजेचे बोर्ड गाळाने भरले होते आणि खोट्या जमिनीखाली साचलेला चिखल काढायला ती जमीन उखडावी लागली. त्याच जागेत मागच्या बाजूला जुन्या घरातून आणलेला एक सागवानी दरवाजा होता. तो धुतला, सावलीत वाळवला, बिजागऱ्यांना तेल दिले आणि पुन्हा बसवला. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेले, तेव्हा दुरुस्त केलेले आडोसे दुसऱ्यांदा फेकले. दरवाजा मात्र अजून आमच्याकडे आहे आणि नव्या इमारतीतही तोच लावला आहे.

फ्रँक डफी या ब्रिटिश वास्तुविशारदांनी कार्यालयांच्या इमारतींचा अभ्यास करून एक साधी गोष्ट मांडली होती. इमारत ही एक वस्तू नसून वेगवेगळ्या आयुष्याच्या थरांची रास असते. सांगाडा ५० वर्षे टिकतो, वीज-पाणी-हवा यांच्या सोयी १५ वर्षांत जुन्या होतात, आतले पडदे आणि आडोसे पाच-सात वर्षांत बदलावेसे वाटतात, तर टेबल-खुर्च्या रोज हलतात. आतल्या आडोशांच्या थराला त्यांनी जो शब्द वापरला, त्याचा मराठी अर्थ नेपथ्य असा होतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटकाचा पहिला पडदा उघडला, त्या सांगलीला तरी हे वेगळे समजावून सांगायला नको. नाट्यगृह तेच राहते, नेपथ्य प्रयोगागणिक बदलते, आणि नेपथ्य बदलायचे म्हणून कोणी रंगमंच फोडत नाही. आपल्या नव्या इमारतींत नेमके तेच होते. विजेची नळी भिंतीत झिऱ्या मारून गाडलेली असते, पाण्याचा नळ स्लॅबमधून गेलेला असतो, आडोशाची भिंत विटांची असते. मग एक टेबल वाढवायचे म्हटले, तरी हातोडा निघतो.

वाड्याचा खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. तुळईला जेवढे अंतर झेपेल तेवढा खण, आणि जेवढे खण तेवढे घर. ‘पाच खणी सोपा’, म्हणजे पाच खणांची ओसरी, म्हटले की बोलणाऱ्यालाही आकार कळे आणि ऐकणाऱ्यालाही. भार खांब आणि तुळया पेलत. मधली भिंत नुसती भर म्हणून असे, त्यामुळे ती काढली तरी वरची माडी जागची हलत नसे. सोप्यात दिवसा हिशेबाची बैठक, रात्री पाहुण्यांची अंथरुणे, सणाला पंगत. एका खणाला फळ्या लावल्या की धान्याची कोठी, फळ्या काढल्या की मुलांची अभ्यासाची जागा. लाकूड एकमेकांत खाचून, खुंट्या मारून बसवलेले असल्यामुळे घर उतरवले तरी खांब आणि तुळया दुसऱ्या घराला लागत. जुन्या लाकडाच्या वखारींत आजही हे खांब विकायला येतात, आणि ते घेणारे बहुतेक जण हॉटेलच्या सजावटीसाठी घेतात, हे पाहून वाईट वाटते. पण तो वेगळा विषय आहे.

आमची इमारत आम्ही अशीच खणांत आखली. खण १२ फुटांचा, आणि इमारतीची खोली, म्हणजे समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंतचे अंतर, १८ फूट. म्हणजे एका खणात २१६ चौरस फूट, आणि पाच खणांत १,०८० चौरस फूट. नऊ जणांना, दोन पाहुण्यांना, पुस्तकांच्या कपाटांना आणि एका मोठ्या कापणी-टेबलाला ही जागा पुरते. खोली १८ फूटच का, याला कारण आहे. खिडकीच्या वरच्या कडेची जी उंची असते, तिच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच कामापुरता दिवसाचा उजेड आत पोहोचतो. वरची कडा साडेसात फुटांवर असलेल्या खिडक्या समोरासमोरच्या दोन्ही भिंतींत ठेवल्या, तर मधल्या टेबलालाही दिवसभर दिवा लागत नाही आणि वारा आरपार जातो. इमारत याहून जाड केली, की मधला पट्टा कायमचा ट्यूबलाइटच्या हवाली होतो.

सांगाडा लोखंडी गर्डरांचा आहे आणि सांधे बोल्टचे आहेत, वेल्डिंगचे नाहीत. लोखंड तयार करतानाही पुष्कळ कोळसा जळतो, त्यामुळे ते निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. पण जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे, आणि ओतलेले काँक्रीट पाडले की त्याचा राडारोडाच होतो. बोल्ट सोडवलेला गर्डर दुसऱ्या जागी उभा राहतो. अंदाजपत्रकात हा सांगाडा काँक्रीटपेक्षा महाग पडला, हे लपवत नाही. आम्ही त्याची भरपाई आतल्या सजावटीला कात्री लावून केली.

पायाबाबत मात्र काटकसर करता आली नाही. आमच्या भूखंडात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पायावरच्या भिंतींना तिरक्या भेगा पाडते. म्हणून नऊ फूट खणून मुरूम लागेपर्यंत जावे लागले. पूर्वेकडे सहाव्या खणासाठी मोकळी जागा सोडली आहे. त्या खणाच्या खांबांचे फुटिंग, म्हणजे पाया, मात्र आताच भरून घेतले, कारण पुढे कधी चालू इमारतीच्या पायाला लागून खड्डा घेणे धोक्याचे असते. वाढीची तयारी करायची ती जमिनीखाली. वरचे पुढे करता येते. शेवटच्या खांबांना बोल्टची भोके पाडून ठेवली आहेत आणि त्यांवर सध्या रबरी टोप्या आहेत.

या उलट दिशेचाही विचार हवा, आणि तो कोणी करत नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर आमच्यातले तिघे आठवड्यातून दोनच दिवस येतात. उद्या गट पाच जणांचा झाला तर काय? म्हणून पश्चिमेचे दोन खण वेगळे करता येतील, त्यांना स्वतंत्र जिना आणि स्वतंत्र वीजमीटर मिळेल, अशी सोय ठेवली आहे. तिथे शिकवणी भरेल, दातांचा दवाखाना येईल किंवा एखादे छोटे घर होईल. पाण्याच्या सगळ्या नळ्या आणि शौचालये एकाच उभ्या रेषेत, त्या दोन खणांच्या आणि उरलेल्या तीन खणांच्या सीमेवर आहेत, म्हणजे वाटणी झाली तरी दोन्हीकडे पाणी पोहोचते. विजेच्या तारा भिंतीबाहेर, पत्र्याच्या पन्हळीतून नेल्या आहेत. सुरुवातीला हे काहींना ‘अर्धवट काम’ वाटले. पण परवा छपाईयंत्राची जागा बदलली तेव्हा वायरमनचे काम पाऊण तासात उरकले.

आता उन्हाविषयी, कारण सांगलीत बांधणाऱ्याने यावर सर्वांत जास्त वेळ घालवला पाहिजे. सांगली विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश उत्तरेला आहे. त्यामुळे मे महिन्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो, मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो आणि डिसेंबरात दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर राहतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की, दक्षिणेची खिडकी सांभाळायला सोपी आहे. चार फूट उंच खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला, तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दुपारचे ऊन काचेला शिवत नाही, आणि थंडीत हवे तेवढे आत येते. पश्चिमेला हा छज्जा निरुपयोगी ठरतो, कारण तिथे ऊन तिरके, जवळजवळ आडवे येते. म्हणून इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवून पश्चिमेच्या आखूड बाजूला सहा फुटांची पडवी घेतली. तिथेच जिना, चपला, छत्र्या आणि चहा. मुखपृष्ठाचे काम करणाऱ्यांना उत्तरेचा एकसारखा उजेड आवडतो, म्हणून मोठ्या खिडक्या उत्तरेला आहेत; पण उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ ऊन ईशान्येकडून आणि वायव्येकडून येते, हे आमच्या आराखड्यात प्रथम सुटले होते. तिथे नंतर उभ्या फळ्या लावाव्या लागल्या.

भिंती भार पेलत नसल्या तरी ऊन पेलतात. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली ‘रॅट ट्रॅप’ बांधणी, म्हणजे वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करून मध्ये पोकळी सोडणे, आम्ही दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंतींना वापरली. तिला नेहमीच्या नऊ इंची भिंतीपेक्षा सुमारे २५ टक्के विटा कमी लागतात, आणि मधल्या हवेमुळे उष्णता सावकाश आत येते. आमच्या गवंड्यांना ती येत नव्हती. पहिली दोन दिवसांची भिंत त्यांनी स्वतःच उतरवली, तिसऱ्या दिवशी हात बसला, आणि शेवटी त्यांनीच विचारले की बाहेरून गिलावा कशाला, वीट छान दिसते. आम्ही गिलावा केला नाही. विटेसाठी नदीकाठचा पोयटा जातो, हे ध्यानात घेता कमी विटांत भिंत उभी राहणे ही लहान गोष्ट नाही.

छपराला पत्रा आहे आणि त्याखाली दोन इंचांचा रॉकवूलचा, म्हणजे दगडी तंतूंच्या उष्णतारोधक गादीचा, थर. तो थर घालण्यापूर्वी वळवाचा एक पाऊस झाला, तेव्हा आत हलगीचा ताफा बसवल्यासारखा आवाज होता. ज्यांच्याकडे स्लॅब आहे, त्यांनी गच्चीवर पांढऱ्या फुटक्या लाद्यांचे चायना मोझॅक करून घेतले, तरी वरच्या मजल्यात फरक जाणवेल. आपल्याकडे उन्हाळ्यातही पहाटे हवा बरीच उतरते. रात्री वरच्या झडपा उघड्या ठेवून भिंती गार होऊ द्याव्यात आणि सकाळी नऊला झडपा बंद कराव्यात, ही जुन्या घरांतली पद्धत पंख्याच्या जोडीने मार्चअखेरपर्यंत पुरते. एप्रिल-मे मध्ये आम्ही यंत्र लावतो, २६ अंशांवर. ते लावतच नाही, अशी फुशारकी मारण्यात अर्थ नाही.

पुराचा विचार इमारतीच्या खालच्या भागात दिसतो. पाटबंधारे विभाग २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा ठरवतो, हे वृत्तपत्र वाचणाऱ्या प्रत्येक सांगलीकराला माहीत असते. तरी भूखंड घेताना रस्त्याची रुंदी आणि वास्तूची दिशा विचारणारे लोक रेषा विचारत नाहीत. आमचा भूखंड रेषांच्या बाहेर आहे, तरीही शेजाऱ्यांनी भिंतीवरची २०१९ ची खूण दाखवली. ती गुडघ्याच्या वर आहे. म्हणून कामाची जागा वरच्या मजल्यावर घेतली आणि खाली गाड्या, एक ओटा व एकच बंद खण ठेवला. जिने चढू न शकणाऱ्या सहकाऱ्यासाठी आणि पाहुण्यांसाठी तो खण खाली असणे आवश्यक होते. त्यात शहाबादी फरशी, चुन्याचा गिलावा, लोखंडी टेबले आणि चार फुटांवर विजेचे बोर्ड आहेत. प्लायवूडचा तुकडाही नाही. मीटर आणि बॅटऱ्या जिन्याच्या मधल्या टप्प्यावर आहेत. पाणी आले तर खुर्च्या वर न्यायच्या, ओसरले की पाइपने धुवायचे.

पावसाच्या पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचे छप्पर सुमारे १०० चौरस मीटर आहे. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा भाग वाया गेला असे मानले, तरी ४०,००० लिटर हाती येते. सौर पट्ट्या ३ किलोवॉटच्या आहेत. एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिटे मिळतात, म्हणजे संगणक आणि पंखे त्यावर चालतात. या दोन्ही गोष्टी कुणालाही विकत घेऊन बसवता येतात, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही.

आतल्या कामाच्या दोन गरजा मात्र आमच्यासारख्यांच्या खास आहेत. छापील रंग तपासायला ५,००० केल्विनचा प्रकाश आणि तटस्थ करडी भिंत लागते, नाहीतर संध्याकाळी पसंत केलेला हळदीचा पिवळा सकाळी मोहरीचा दिसतो, आणि हळदीच्या बाजारपेठेत ही चूक महागात पडते. त्यासाठी अर्धा खण पुरला. दुसरी गरज शांततेची. ध्वनिमुद्रणाच्या कोपऱ्यात बाजारातल्या फोमच्या पाट्यांऐवजी आम्ही लाकडी चौकटींवर घोंगड्या ताणून लावल्या. आटपाडी आणि जत भागांतल्या धनगर बांधवांची ही लोकर आवाज चांगला शोषते. चौकटी भिंतीला टांगलेल्या आहेत, त्यामुळे कोपरा बदलला की त्याही बदलतात.

शेवटी व्यवस्थेविषयी, कारण वरचे सगळे करताना तिने ना अडवले ना मदत केली. केंद्राच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेचा उंबरठा १०० किलोवॉट जोडभाराचा ठेवलेला होता. आमचा भार १२ किलोवॉट आहे. म्हणजे आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या काचेच्या पेट्या त्या उंबरठ्याच्या खालून निघून जातात. ‘गृहा’ या हरित इमारतींच्या भारतीय मानांकनाची २,५०० चौरस मीटरपेक्षा लहान इमारतींसाठी ‘स्वगृहा’ नावाची सोपी आवृत्ती आहे. तिचे नाव आम्हाला आराखडा मंजूर झाल्यावर कळले. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने बांधकाम परवान्याच्या अर्जासोबत एक पान द्यावे, एवढेच मी सुचवेन. त्यात भूखंड पूररेषांच्या कोणत्या बाजूला आहे, २०१९ चे पाणी त्या जागी किती होते, पश्चिमेला काच किती आहे आणि पुढची वाढ कुठे होणार आहे, हे अर्जदाराने स्वतः भरून द्यावे. मंजुरी त्यावर अवलंबून ठेवू नये. भरताना विचार होतो, तेवढे पुरेसे आहे.

बँकांकडूनही एक अपेक्षा आहे. कर्जासाठी गेलो तेव्हा एका बँकेच्या अर्जात बांधकामाच्या प्रकारासमोर ‘पक्के’ आणि ‘कच्चे’ असे दोनच रकाने होते. बोल्टचा लोखंडी सांगाडा, पोकळ विटांची भिंत आणि पत्र्याचे छप्पर पाहून मूल्यांकनासाठी आलेल्या गृहस्थांनी बराच वेळ पेन हातात धरले, आणि अखेर ‘कच्चे’वर खूण केली. त्यामुळे कर्जाची मुदत कमी झाली आणि हप्ता वाढला. तो अर्ज बदलावा, अशी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत संबंधितांपर्यंत पोहोचावी.

कळावे,

आपला नम्र,
एक वाचक
विश्रामबाग, सांगली